रडणं : शून्य

बाळ सव्वीस आठवड्यांतच जन्मलं. पाचव्या मिनिटाला मी गुणांचा तक्ता भरला. ठोके : दोनपैकी एक. रडणं : शून्य. दहाव्या मिनिटाला ठोकेही शून्य.

चितेंजेच्या कापडात गुंडाळून मी ते आजीच्या हातात दिलं. बाप, वायसन, मक्याच्या शेतातून कुदळीसकट धावत येऊन मघापासून दाराशी उभा होता.

"रडलं का, सिस्टर? न रडलेल्याला आम्ही बायकाच पुरतो. बापानेही यायचं नसतं." आजीने एका हाताने त्याची कुदळ धरली. "दे इकडे. घरी जा."

वायसनने कुदळ सोडली नाही.

"रडलं," मी म्हटलं. "एकदा."

"मी दाराशीच होतो. मला कसं नाही ऐकू आलं?"

"मला आलं," आजी म्हणाली, आणि तिने कुदळ सोडली.