उघड्या डोक्याने

धुक्यात वाळूची टेकाडं दिसेनाशी झाली, तेव्हा जोगराजने समोरून येणाऱ्या म्हाताऱ्याला हाक मारली.

"काकोसा, वैरसल सोढाची वस्ती कुठं आहे?"

घोंगडीतून म्हाताऱ्याचे नुसते डोळे दिसत होते. त्याने जोगराजच्या हातातली कुऱ्हाड पाहिली, मग उघडं डोकं. बापाचा सूड घेतल्याशिवाय मुलगा साफा बांधत नाही, हे या वाळवंटात शेळ्यांनाही ठाऊक असतं.

"वैरसलला ओळखतोस?"

"माझा बाप मारला त्यानं. मी पाळण्यात होतो."

"म्हणजे नाही ओळखत. चल, दाखवतो. एकटा फिरलास तर उद्या तुला गिधाडंच ओळखतील."

म्हाताऱ्याने टेकाडाची खडी बाजू उजव्या हाताला धरली. उन्हाळी वारा ती नेहमी एकाच अंगाला पाडतो. सूर्य नसला तरी वाट चुकत नाही, म्हणाला.

"हळू चाल. घाम आला तर तोच गोठवेल. आणि डोक्याला काहीतरी गुंडाळ."

"शपथ आहे."

"शपथेला लोकर नसते, बेटा. निदान भाकरी खा."

"नको. आईनं बजावलंय, काम होईपर्यंत त्या मुलखात अन्नाला शिवू नकोस. ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्यावर हात उचलता येत नाही."

"शहाणी आहे बाई," म्हातारा म्हणाला आणि चालत राहिला.

काही वेळाने खडी बाजू डाव्या हाताला आली. मग पुन्हा उजव्या. जोगराज तोवर फक्त स्वतःचे पाय बघत होता. दुपारी त्याच्या हातातून कुऱ्हाड गळून पडली. बोटं मिटेनात, दात वाजू लागले.

म्हाताऱ्याने ती उचलून परत त्याच्या काखेत अडकवली.

"रिकाम्या पोटी थंडी आधी हात खाते. वैरसलला काय दातांनी मारणार?"

जोगराज वाळूत बसला. म्हाताऱ्याने आपली शिदोरी सोडली. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. पहिला घास त्याने लाजत खाल्ला, बाकीची भाकरी अधाशासारखी. म्हातारा शेवटच्या तुकड्यापर्यंत बघत राहिला, नातवाला भरवावं तसा.

हळूहळू बोटं मिटू लागली. धुकंही विरलं. टेकाडापलीकडे, हाकेच्या अंतरावर, झोपड्या होत्या. सकाळी दोघं भेटले होते ते हेच टेकाड.

जोगराजने कुऱ्हाड घट्ट धरली आणि वाकून म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला.

"जीव वाचवलात, काकोसा. कुणाचं मीठ खाल्लं म्हणून सांगू आईला?"

म्हाताऱ्याने तोंडावरची घोंगडी खाली घेतली.

"वैरसलचं."