देवामार्फत

नाताळात फराळाच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करपल्या, तेव्हापासून इजाबेलबाई आणि त्यांची सून फिलोमिना एकमेकींशी बोलत नव्हत्या. मुलगा कुवेतला, रत्नागिरीच्या घरात दोघीच. म्हणून निरोप्याचं काम देवाकडे आलं. दिवेलागणीला क्रुसापुढे गुडघे टेकले की सासू म्हणे, "देवा, काही जणींना मिठाचा अंदाज दे." सून म्हणे, "देवा, काही जणींच्या जिभेला आराम दे."

आज दवाखान्यातली ड्युटी करून आलेली फिलोमिना गुडघ्यांवरच पेंगली. तिची बोलायची वेळ आली तरी डोळे मिटलेलेच.

इजाबेलबाई वाट बघून कंटाळल्या. "देवा, तिला सांग, उद्या विहिरीचं पाणी मी काढीन. आता दोन घास खाऊन नीज म्हणावं."

डोळे न उघडताच फिलोमिना म्हणाली, "तोही दमला असेल, आई. मलाच सांगा."