खाऱ्या तळ्यातली शाखा

बायको वासो वारली तेव्हापासून ऑस्ट्रेलियात पोर्ट ऑगस्टातल्या माझ्या दुकानाला गिऱ्हाइकं नेटवर पाचपैकी एकच तारा देऊन मोकळी होत होती. गाला चिकनच्या सगळ्या शाखांत मी तळाला गेलो होतो, आणि तळातली शाखा कंपनी बंद करणार होती.

मग फोनमधल्या नकाशावर आमची एक नवी शाखा दिसली. कोरड्या खाऱ्या तळ्याच्या मधोमध. पाच तारे.

मी कंपनीतल्या केलीला फोन लावला.

"अरे स्टाव्रो, तिथे कुठली शाखा? नुसतं मीठ आहे. आधी आपलं दुकान सांभाळ."

पण तिथल्या एका गिऱ्हाइकाने लिहिलं होतं, 'काउंटरवरची बाई चिप्सच्या मिठात ओरेगॅनो चुरडते.' कंपनीची मनाई असताना हे फक्त वासो करायची.

मी गाडी काढली. रस्ता संपला तिथून चालत गेलो. नकाशातल्या खुणेवर पोचलो, तर चहूकडे पांढरं मीठ, माशीसुद्धा नाही. गुडघे टेकून मी तिला हाका मारल्या.

खिशात फोन थरथरला. शाखेबद्दल नवा अभिप्राय आला होता, आत्ताचाच.

'जेवण झकास. पण तिचा नवरा दारातच बसून रडतोय. कोणीतरी त्याला आत घ्या, तिने केव्हाचं ताट वाढून ठेवलंय.'