गाळलेली ओळ

प्रार्थना म्हणता म्हणता तेवीस मुलं एकदम गप्प झाली आणि नवी मुलगी एकटीच पुढं बोलत राहिली. चर्चच्या तळघरात तिचा आवाज खणखणीत घुमला. आपल्याशिवाय कुणाचंच तोंड हलत नाही हे लक्षात आलं तशी ती अडखळली आणि लालबुंद होऊन शिंपीण मावशीकडं बघायला लागली.

"इथं गप्प बसायचं असतं," पहिल्या बाकावरच्या चिमणीनं तिला समजावलं. चिमणी सहा वर्षांची, पण तोरा मुख्याध्यापिकेचा. "बोटांवर तीन मोजायचे, मग पुढचं. तुला प्रार्थना येतच नाही."

मावशी मुलांच्या रविवारच्या सदऱ्यांना बटणं लावत होती. तिचा हात तिथल्या तिथं थांबला.

चूक नव्या मुलीची नव्हतीच. प्रभूच्या प्रार्थनेत त्या जागी माफीची ओळ आहे. तू आम्हाला माफ कर, जसं आम्ही दुसऱ्यांना केलं, अशा अर्थाची. नदीच्या दोन काठांत पेटलेल्या लढाईच्या पहिल्या वर्षी, नऊ शवपेट्या पुरून आल्यावरच्या रविवारी ती ओळ आली आणि अख्खी मंडळी मिठाची गुळणी धरून बसली. पाळकसाहेबांनी थोडी वाट पाहिली आणि पुढची ओळ घेतली. पुढच्या रविवारीही तेच झालं. कुणी ठरवलं नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही. आता तह होऊन सात महिने झाले, तरी ती जागा आली की सगळे थांबतात. आपण काय गाळतोय ते मोठ्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलं मात्र या पाच वर्षांतच प्रार्थना शिकली. त्यांना वाटलं, ती अशीच असते, मध्ये भोक असलेली.

आणि शिकवली कुणी, तर मावशीनं. त्या नऊ पेट्यांतली एक तिच्या मुलाची होती. सतरा वर्षांचं पोर पाव आणायला म्हणून गेलं आणि पुलावर पलीकडून आलेल्या गोळीनं पडलं.

नवी मुलगी पुलापलीकडची. तिची आई अलीकडून गेलेल्या तोफगोळ्यानं गेली. आत्या अलीकडं दिलेली, म्हणून पोर आत्याच्या घरी आली, त्याला आज आठवडा झाला.

खोटं कशाला बोला, मावशीला त्या पोरीचा रागच आला. पलीकडच्यांनी आता आपल्याला माफी शिकवायची का, असं अगदी ओठांवर आलं. पण समोर उभी होती ती एवढीशी पोर, वेणी सुटलेली, पायांत आत्याचे ढगळे बूट, डोळे भरून आलेले. असल्या जिवावर राग धरायचा तरी कसा.

शिवाय परवा रविवार होता. पाच वर्षांत पहिल्यांदा पलीकडची मंडळी पूल ओलांडून उपासनेला येणार होती आणि प्रार्थना हीच मुलं सांगणार होती. तेवीस पोरं सगळ्यांच्या देखत गप्प होऊन बोटांवर तीन मोजतील, हे मावशीच्या डोळ्यांपुढं आलं. आलेली माणसं काय समजायचं ते समजली असती, आणि त्यांचं चुकलंही नसतं.

मुलांना बटणं निवडायला बसवून ती वर गेली. पाळकसाहेब खिडकीला नवी काच बसवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, काचेच्या कडेला भरलेल्या लांबीवरून बोट फिरवत राहिले आणि म्हणाले की एवढ्या वेळेला प्रार्थना राहू द्या, मुलांना एखादं गाणं म्हणू द्या. माणूस देवासारखा, पण वेळ मारून न्यायची त्यांची खोड मावशीला तीस वर्षांपासून माहीत होती.

"गाणं नको," ती म्हणाली. "ती ओळ आपल्या तोंडून निघेना, हे आपलं दुखणं. पोरांना कशाला लावायचं?"

पाळकसाहेबांचं बोट थांबलं. "शिकवायची तर आधी तुम्हाला म्हणावी लागेल, बाई."

"म्हणून तर खाली चाललेय."

खाली येऊन तिनं मुलांना उभं केलं. या प्रार्थनेत एक ओळ राहून गेली होती, ती चूक माझी, नव्या मुलीचं बरोबर होतं, असं सरळ सांगून टाकलं. चिमणीचं तोंड एवढंसं झालं. मग मावशी ओळ सांगायला लागली. आम्हाला माफ कर, इथवर सुरळीत गेलं. मागायला काय जातं. पण पुढचा अर्धा भाग तोंडातून निघेना. मुलांनी तेवढाच अर्धा भाग तिच्यामागून म्हटला आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिली. नव्या मुलीला उरलेली ओळ येत होती, पण ती काही बोलली नाही. कोपऱ्यातल्या बादलीत नळाचं पाणी ठिबकत होतं.

मावशीनं बाकाची कड घट्ट धरली आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. आवाज फाटला, शेवटचे शब्द कसेबसे निघाले, पण ओळ पुरी झाली. चोवीस मुलांनी ती तिच्यामागून जोरात म्हटली. त्यांना त्यात काहीच जड गेलं नाही.

"मावशी," नवी मुलगी हळूच म्हणाली, "तुम्ही केलंत का माफ?"

मुलं कान टवकारून ऐकायला लागली. मावशीला थाप मारता आली असती.

"नाही गं," ती म्हणाली. "अजून नाही."

पोरीनं बुटांकडं बघत जरा विचार केला.

"मीपण नाही."

मावशीनं बाकावरचे सदरे बाजूला केले, बसून तिला आपल्याजवळ जागा दिली आणि बाकीच्यांकडं वळून म्हणाली, "चला. पुन्हा म्हणू."