तोफेच्या माळावरची रास

"नाव टाकायला माझी ना न्हाई, आत्या. पण पुरावा काय?" उकंडरावांनी पुन्हा तेच विचारलं.

जनकाबाई माळावरच्या पडक्या भिंतीला टेकून बसली होती. समोर पोत्यावर स्मारकाचा काळा दगड आडवा ठेवला होता. मुक्तिसंग्रामात गेलेल्या गावच्या पोरांची नावं त्यावर कोरायची होती. तिच्या थोरल्या भावाचं, हरिचंदचं, त्यात नव्हतं.

"पुरावा कुठून आणू, बाबा? मी आठ वर्षांची व्हते. तो फितूर नव्हता, येवढंच मला ठावं हाय."

"गावानं त्याला सिपायांसंगं माळ चढताना पाह्यलं. बाकीची पोरं मारून खाली फेकली, गावानं वळखून जाळली. हरिचंदच तेवढा घावला न्हाई. आमचे म्हातारे म्हनायचे, सिपाई पळाले तवा तोबी त्यांच्यासंगं गेला."

उकंडराव माणूस वाईट नव्हता. स्मारक समितीचा अध्यक्ष झाल्यापासून जरा ताकही फुंकून पीत होता, इतकंच.

हा माळ म्हणजे निजामाच्या पलटणीचा तळ. पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते, त्यांच्यावर रोखून इथं तोफ बसवली होती. तोफ काही कधी उडाली नाही, पण शिपायांनी गावाला सळो की पळो करून सोडलं. आज ज्वारी उचलून ने, उद्या पोरं धरून ने. माळाकडं फिरकायची कुणाची छाती नव्हती. मग हिंदुस्थानची फौज आली आणि पलटण तोफ तिथंच टाकून रातोरात पसार झाली.

पण माळ गावाला सुखानं मिळायचा नव्हता. दिवेलागणीला तिथून हाका येऊ लागल्या, त्याही जमिनीच्या पोटातून. इतकी पोरं तिथं मेलेली, भूत असणारच. गावानं भगत बोलावला. त्यानं जागा हुडकली, शेंदूर फासला आणि घरटी एकेक धोंडा तिथं ठेवायला लावला. भूत गप झालं. तेव्हापासून माळावरून जाणारा तिथं धोंडा टाकल्याशिवाय पुढं जात नाही. नवरानवरी असोत की शेळ्यांमागची बाई, कुणी चुकत नाही. रास आता माणसाच्या डोक्यावर गेली होती.

जनकाबाई तर दर अमावस्येला यायची. नवरा गेला, तसं सासरच्यांनी फितुराची बहीण म्हणून हाकलून दिलं. कडेवरचं पोरगं घेऊन ती माहेरी आली. माहेरीही तेच ऐकायला मिळालं, फक्त सोबत भाकर होती. देवांनी कधी ऐकलं नाही म्हणून बाईनं भुतालाच नवस केला. धोंडा ठेवायची आणि म्हणायची, "माझ्या भावाला घरी आण."

स्मारकाचा चौथरा नेमका राशीच्या जागी येत होता. रास हलवायला कुणी तयार होईना, तेव्हा जनकाबाईचा नातू विजयकुमार आपला जेसीबी घेऊन आला. नारळ तिनंच फोडला.

धोंडे भराभर बाजूला पडले. तळाशी दगडाची एक रुंद फाडी निघाली. जेसीबीनं ती उचलली आणि खाली काळं गोल तोंड उघडं पडलं.

"पेव हाय," उकंडराव म्हणाले. "धान्य पुरायचं. आपलीच ज्वारी चोरून भरली असंल लेकाच्यांनी."

विजयकुमार शिडी लावून मोबाईलच्या उजेडात खाली उतरला. बराच वेळ वर आला नाही. आला तो धोंड्यावर बसून राहिला.

"ज्वारी न्हाई. माणूस हाय, एकटाच. हाडं राह्यली निस्ती. पायात बेडी हाय."

उकंडरावांनी डोक्यावरची टोपी काढली. मग जनकाबाईसमोर उकिडवे बसले.

"आत्या, आपल्या मानसाला कोनी बेडी घालत न्हाई. तुमचा भाऊ फितूर नव्हता. आमच्या म्हाताऱ्यांचं चुकलं. त्याचं नाव समद्यात वर कोरू."

हे एक वाक्य ऐकायला जनकाबाई सारा जन्म थांबली होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि पोटभर रडली. दुःख होतंच, पण कितीतरी वर्षांनी तिला मान ताठ करून बसावंसं वाटलं.

"मारून टाकला व्हय रे त्याला सिपायांनी?" डोळे पुसत तिनं नातवाला विचारलं.

विजयकुमार त्या काळ्या तोंडाकडं बघत होता.

"आत भिंतीला खोबण्या हायेत, आजी," तो म्हणाला. "बेडीच्या कडीनं खोदल्यात, वर चढायला. पार फाडीपावतर आल्यात." मग त्याचा आवाज खाली गेला. "त्या टायमाला भूत काय म्हनून हाका मारायचं?"

जनकाबाईचा पदर हातातच राहिला.

"माझं नाव घ्यायचं," ती म्हणाली. "म्हनून तर पहिला धोंडा भगतानं माझ्या हातानं ठेवायला लावला."