मास्तरांची मायबोली

दोनातो मास्तरांना पक्षाघाताचा झटका आला आणि चाळीस वर्षं वर्गात पोरांकडून घोटून घेतलेली इटालियन भाषा त्यांच्याच डोक्यातून पुसली गेली. उरली ती फक्त आईच्या दुधाबरोबर आलेली ग्रिको ही जुनी ग्रीक बोली. इटलीच्या दक्षिण टोकावरच्या त्या गावात आता ती कळणारी म्हातारी माणसं बोटांवर मोजण्याइतकीच. “गावंढळांची भाषा” म्हणून मास्तरांनी तिचा एक शब्दही पोटच्या पोरीच्या कानावर पडू दिला नव्हता.

ती पोर, ओर्नेल्ला, तोरीनोहून भेटायला आली होती. वृद्धाश्रमातल्या खाटेवर बाप तिचा हात घट्ट धरून पुन्हापुन्हा तेच काहीतरी बोलत होता. शेवटी रडकुंडीला येऊन ती चादरी बदलणाऱ्या चेझारियाकडे वळली.

“मावशी, तुम्ही याच गावच्या ना? बाबा काय म्हणताहेत हो? सांगा ना, माझी सातची गाडी आहे.”

चेझारियाला शब्दन् शब्द कळत होता. ‘पोरी, मला इथं टाकून जाऊ नकोस. घरी ने. तुझ्या आईच्या खोलीत मरू दे मला.’

तिनं उशीचा अभ्रा सावकाश नीट केला.



“मला कसं कळणार, बाई? दुसरीत असताना ती भाषा तोंडातून निघाली की तुमचे बाबा छडीनं हात सोलून काढायचे. विसरले बघा मी.”