अकराचा आकडा

लॅपटॉप म्हणत होता अकरा आणि सासूबाई म्हणत होत्या, "अगदी बरोबर लागलंय."

सून गाडीखाली उताणी पडली होती. हातात पक्कड, केसांत ग्रीस. अकरा म्हणजे एक भाग पेट्रोलला अकरा भाग हवा. गाडी उभ्या जागी चालू असताना हा आकडा चौदाच्या आसपास हवा. अकराला इंजिन नुसतं पेट्रोल ढोसतं, प्लग काळेकुट्ट होतात आणि चढावर गाडी खोकायला लागते. आणि उद्या सकाळी हीच गाडी घेऊन तिचा नवरा, म्हणजे सासूबाईंचा एकुलता एक लेक, शर्यतीला निघायचा होता.

आता या सासूबाई काही साध्यासुध्या नव्हत्या. तीस वर्षं त्यांनी सायलेन्सरमागे उभं राहून, नुसता वास घेऊन, पेट्रोल-हवेचं माप जुळवत इंजिनं लावली होती. "कमी कर. अजून. हां, बास!" की झालं काम. लोक लांबून गाड्या आणायचे ते या नाकासाठी. गाड्यांमध्ये बाजारातले नवे, हवे तसे आकडे भरता येणारे कॉम्प्युटर बसवायला लागल्यावरही तेच. सून मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी बसायची आणि सासूबाईंचं नाक हुकूम सोडायचं.

धुरावरून पेट्रोल-हवेचा आकडा लॅपटॉपवर दाखवणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर घेऊया, म्हणून सुनेने वर्षभर भुणभुण लावली होती. सोमवारी सासूबाईंनी एक खोकं तिच्यापुढे आपटलं. "घे. पण आधी मी सांगणार, मग ते बोलणार. कळलं?"

आज दोघंही बोलले होते, आणि दोघांचं जमत नव्हतं.

सुनेने आधी स्वतःवरच संशय घेतला. सेन्सरला तापवणाऱ्या वायरीचं अर्थिंग आणि आकडा नेणाऱ्या वायरीचं अर्थिंग एकत्र बांधलं की आकडा खोटा येतो. तिने दोन्ही सोडली, खरवडून साफ केली, वेगवेगळी बांधली. अकरा. गाडी बंद केली, सेन्सर सायलेन्सरमधून काढून मोकळ्या हवेत धरला. हवेत तो बरोबर हवाच दाखवत होता. परत बसवला, गाडी चालू केली. अकरा.

ती गाडीखालून बाहेर आली आणि सायलेन्सरपाशी वाकली. कच्च्या पेट्रोलचा असा भपकारा आला की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आणि तिथेच, दोन हातांवर, सासूबाई कमरेवर हात ठेवून मजेत उभ्या होत्या.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागच्या आठवड्यात दूध करपून पातेलं काळं झालं, आणि सासूबाई शेगडीकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. त्याआधी दोन गाड्या काळे प्लग घेऊन परत आल्या, तेव्हा यांनी पेट्रोलपंपाच्या नावाने खडे फोडले होते. अगं बाई! नाक गेलंय यांचं.

सुनेला कसंनुसं झालं. घरात पाऊल टाकल्या दिवशी या बाईने तिच्या हातात पोळपाट नाही, पाना दिला होता. सगळं शिकवलं, ओरडून शिकवलं, पण शिकवलं. आणि आता हे नाकच गेलं, तर या गॅरेजमध्ये यांनी कोण म्हणून उभं राहायचं? आपल्या तोंडून ते यांना कळायचं? छे! तिचा धीरच होईना. आकडा काय, सासूबाई जेवायला गेल्या की गुपचूप दुरुस्त करता येईल.

तिने गाडी बंद केली. "माझंच चुकलं, आई. अर्थिंग ढिलं होतं. तुमचं बरोबर आहे."

सासूबाईंनी तिला नखशिखान्त न्याहाळलं.

"अर्थिंग तू दोनदा बांधलंस. मी काय आंधळी आहे? आणि आत्ता डोळ्यांतून पाणी आलं, ते काय माहेर आठवलं म्हणून?"

सुनेने बाहीने डोळे पुसले.

"गेलंय माझं नाक," सासूबाई म्हणाल्या. भाव विचारावा इतक्या सहज. "त्या मोठ्या तापात गेलं. आठ महिने झाले. आज येईल, उद्या येईल म्हणून वाट बघितली. नाही आलं. म्हणून तर हे यंत्र मागवलं. मी मुद्दाम चुकीचं ठोकून दिलं, बघावं म्हटलं, माझ्या तोंडावर खरं सांगतं का. त्या मेल्याने सांगितलं. आणि तू, माझ्या हाताखाली तयार झालेली, धडधडीत खोटं बोललीस! आता कामावर कोणाला ठेवू सांग, तुला का त्याला?"

सुनेला हसूही येईना आणि रडूही. तिने ग्रीसच्या हातानेच सासूबाईंचा हात धरला. त्यांनी झटकला नाही, म्हणजे नवलच.

"पण आई, आठ महिन्यांत चाळीस गाड्या तरी गेल्या असतील इथून. त्या दोन सोडल्या तर एकही परत आली नाही. वास येत नव्हता, तर कमी कर, वाढव, हे सांगत कशाच्या जिवावर होतात?"

"तुझं तोंड बघून. पेट्रोल जास्त झालं की तू नाक मुरडतेस, मग मी म्हणायचं, कमी कर. नीट लागलं की तुझा चेहरा खुलतो, मग मी म्हणायचं, बास. त्या दोन गाड्या तू माहेरी गेलीस तेव्हाच्या." सासूबाईंनी पदराने तिच्या गालावरचं ग्रीस खसाखसा पुसलं. "आठ महिने लोक लांबून येतायत ते तुझ्या नाकासाठी, वेडे."